पास तर झालो, पण हे गुण चालतात कुठे?

मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी अमेरिकेतल्या रेसिडेन्सीच्या जागा जाहीर होतात. तो उलटला की एमबीबीएस झालेल्यांच्या घरोघरी एक कोडे फिरू लागते. अमक्याच्या मुलाला तिथल्या परवाना परीक्षेत २६० पडले, तरी अमेरिकेत जागा मिळाली नाही. तमक्याच्या मुलीला २३६ पडले आणि ती जूनमध्ये विमानात बसणार. मग कोणी वशिल्याचे नाव घेतो, कोणी नशिबाचे. खरे तर घोटाळा आपल्या चष्म्यात आहे. हा निकाल आपण कॅप राउंडच्या, म्हणजे आपल्या केंद्रीय प्रवेशफेरीच्या, चष्म्यातून बघतो. बारावीपासून नीट-पीजीपर्यंत आपल्याकडे गुण, गुणांवरून क्रमांक आणि क्रमांकावरून जागा, असा सरळ हिशेब असतो. परदेशातल्या रेसिडेन्सीचा हिशेब तसा नाही. गुणांना तिथेही किंमत आहे. पण परीक्षा कुठली, देश कुठला आणि अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे, यावर ती किंमत ठरते.

## आधी चार शब्द समजून घेऊ

रेसिडेन्सी म्हणजे पगारी पदव्युत्तर प्रशिक्षण. आपल्याकडे एमडी-एमएस करणारा रेसिडेंट वॉर्डात राबतो, तसेच. फरक असा की अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत रेसिडेन्सी केल्याखेरीज परदेशी डॉक्टरला स्वतंत्र प्रॅक्टिसचा परवाना मिळत नाही. इथे दहा वर्षे शस्त्रक्रिया केलेल्या सर्जनलाही तिकडे बहुधा पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते.

परवाना परीक्षा म्हणजे ‘या माणसाच्या हाती रुग्ण सोपवायला हरकत नाही’ एवढे ठरवणारी परीक्षा. अमेरिकेतल्या परीक्षेचे नाव यूएसएमएलई. तिचे आता तीन टप्पे आहेत: पायाभूत विषयांची स्टेप वन, क्लिनिकल ज्ञानाची स्टेप टू सीके आणि शेवटची स्टेप थ्री. पहिल्या दोन मुंबईच्या केंद्रावर बसून देता येतात. स्टेप थ्री अमेरिकेतच द्यावी लागते.

ईसीएफएमजी ही संस्था परदेशी पदवीधरांची पदवी आणि परीक्षा तपासून प्रमाणपत्र देते. ते हातात आल्याशिवाय रेसिडेन्सी सुरू करता येत नाही. आणि मॅच म्हणजे जागावाटप: उमेदवार आपल्या पसंतीची यादी भरतात, प्रोग्रॅम म्हणजे प्रशिक्षण देणारे विभाग त्यांची यादी भरतात, आणि संगणक दोन्ही याद्या जुळवतो.

## पीएमपीचा पास बेस्टमध्ये का चालत नाही?

पुण्याच्या पीएमपीचा मासिक पास खरा असतो, पैसे मोजून काढलेला असतो. पण तो दाखवून दादरला बेस्टच्या बसमध्ये चढता येत नाही. परवाना परीक्षांचे गुण नेमके असेच आहेत. त्यांचा विनिमय दर ठरलेला नाही.

नीट-पीजीत कितीही वरची रँक असली, तरी अमेरिकेच्या अर्जात ती भरायला रकाना नाही. कोणी ती अनुभवाच्या वर्णनात लिहून टाकतो. वाचणाऱ्याला मात्र ८०० पैकी ६५० म्हणजे भारी की साधारण, हे कळायचा मार्ग नसतो. परदेशात एमबीबीएस करून आलेल्यांच्या एफएमजीई परीक्षेचे, ब्रिटनच्या प्लॅबचे, कॅनडाच्या एमसीसीक्यूईचे गुणही तसेच. अमेरिकेतल्या प्रोग्रॅम डायरेक्टरला ते तुलनेसाठी वापरता येत नाहीत, म्हणून तो वापरत नाही.

इथे एक बारीक फट आहे, आणि ती माहीत असलेली बरी. यूएसएमएलईत पूर्वी रुग्ण तपासून दाखवायची प्रत्यक्ष परीक्षा असे. करोनाकाळात ती थांबली आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमची बंद झाली. तिच्या जागी ईसीएफएमजीने ‘पाथवे’ नावाचे पर्यायी मार्ग आणले. आपल्या देशात कायमची नोंदणी असलेल्या डॉक्टरसाठी एक मार्ग आहे. दुसऱ्या देशाच्या परवान्यासाठीची मान्यताप्राप्त क्लिनिकल परीक्षा पास झालेल्यांसाठी दुसरा. म्हणजे परदेशी परीक्षेचा निकाल इथे उपयोगी पडतो, पण फक्त ‘पास’ म्हणून. किती गुणांनी पास, हे कोणी विचारत नाही.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांपैकी इंटर्नशिप संपवून महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची कायम नोंदणी घेतलेल्यांना पहिला मार्ग सोयीचा. त्यासाठी कौन्सिलने ‘गुड स्टँडिंग’चे प्रमाणपत्र थेट ईसीएफएमजीकडे पाठवावे लागते; आपण पाकीट नेऊन दिले तर चालत नाही. शिवाय कुठलाही पाथवे घेतला तरी ओईटी ही वैद्यकीय इंग्रजीची परीक्षा सुटत नाही. शाळेपासून इंग्रजी माध्यम असले तरीही.

## २४० म्हणजे ८० टक्के नव्हे

स्टेप टूचा निकाल १ ते ३०० च्या पट्टीवर येतो, त्यामुळे घरात लगेच टक्केवारी निघते. ती चुकीची. ही पट्टी म्हणजे किती प्रश्न बरोबर आले याची मोजणी नाही. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे प्रश्न सोडवणाऱ्यांना एका रांगेत आणण्यासाठी केलेले ते रूपांतर आहे. पासाची रेषा १ जुलै २०२५ पासून २१८ आहे, त्याआधी २१४ होती. टक्केवारी धरली तर २१८ म्हणजे जवळजवळ ७३ टक्के. प्रत्यक्षात पास व्हायला साधारण ६० टक्के प्रश्न बरोबर यावे लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. नीट-पीजीच्या सवयीने प्रश्न कोरा सोडणारा इथे स्वतःचेच नुकसान करून घेतो.

अमेरिकेतल्या एमडी विद्यार्थ्यांची सरासरी २५० च्या आसपास असते. म्हणजे पासाची रेषा आणि सरासरी यांच्यात तिसेक गुणांचे अंतर आहे. ‘पास झाला’ आणि ‘अर्ज वाचला जाईल’ या दोन गोष्टींमधले अंतर ते हेच. दोन-चार गुणांच्या फरकाला मात्र काही अर्थ नाही. त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी दुसरा पेपर दिला तर निकाल तेवढा सहज हलतो. २४७ आणि २५१ वरून घरात वाद घालू नये.

## स्टेप वनचा आकडा गेला, मग वजन कुठे गेले?

२६ जानेवारी २०२२ पासून स्टेप वनचा निकाल नुसता ‘पास’ किंवा ‘नापास’ असा येतो. त्याआधी या एका आकड्यावर माणसांचे भवितव्य लटकत असे, आणि मुले कॉलेज सोडून वर्षभर त्याच परीक्षेची घोकंपट्टी करत. हेतू चांगला होता. पण हजारो अर्जांतून निवड करणाऱ्याला आकडा लागतोच. स्टेप वनचा गेला, तर तो स्टेप टूकडे वळला. आज अमेरिकेतली पहिल्या वर्षाची जागा मागणाऱ्या परदेशी पदवीधराच्या अर्जात सर्वांना सारखा लागू होणारा आकडा हा एकच उरला आहे.

यातून एक गैरसमज रुजला: ‘स्टेप वन आता सोपी झाली, पास व्हायचे तर आहे.’ आकडे उलटे बोलतात. अमेरिका-कॅनडाबाहेरच्या कॉलेजांतून पहिल्यांदा बसणाऱ्यांपैकी २०२१ मध्ये ८२ टक्के पास झाले होते. २०२२ मध्ये ७४ टक्के. पासाची रेषाही त्याच वेळी १९४ वरून १९६ केली गेली होती, पण अभ्यास सैल पडला हे कारणही उघड आहे. आणि इथे नापास होणे महाग पडते. एकदा नापास झालो की तो शेरा गुणपत्रिकेवर कायम राहतो. पुढे पास झालो म्हणून तो पुसला जात नाही, आणि गुणपत्रिका पाठवताना फक्त चांगले निकाल निवडून पाठवायची सोय नाही.

## पण मेरिट लिस्ट नाही, तर गुण वापरतात कसे?

चाळणी म्हणून. इथे जरा थांबून बघायला हवे, कारण कोड्याची किल्ली इथेच आहे.

इंटर्नल मेडिसिनच्या दहा-बारा जागा असलेल्या एखाद्या हॉस्पिटलकडे हजारांनी अर्ज येतात. ते बघायला एक प्रोग्रॅम डायरेक्टर, दोन-तीन सहकारी आणि एक कोऑर्डिनेटर. सगळे अर्ज वाचणे शक्यच नसते. म्हणून कोऑर्डिनेटर अर्जांच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी गाळण्या लावतो: स्टेप टूमध्ये किमान इतके, कुठल्याही स्टेपला नापासाचा शेरा नको, पदवी गेल्या पाच वर्षांतली हवी, ईसीएफएमजीचे प्रमाणपत्र असल्यास बरे, व्हिसा लागणार असेल तर आम्ही कुठला देतो. चार-पाच टिचक्यांत हजारांचे काहीशे होतात. उरलेल्यांचे अर्ज माणूस वाचतो, त्यातून मुलाखतीला बोलावतो.

पिठाच्या चाळणीतून खाली पडलेल्या पिठात कोणता कण अधिक बारीक, हे आपण बघत बसत नाही. खाली पडला, झाले. किमान २४० ची चाळणी असेल तर २४२ वालाही खाली आला आणि २६२ वालाही. त्यापुढे २६२ ला थोडे झुकते माप मिळेल, पण वीस गुण जास्त म्हणून वीस पायऱ्या वर, असे होत नाही.

मुलाखतीनंतर प्रोग्रॅम आपली पसंतीची यादी बनवतो. तिथे तुमचे बोलणे, शिफारसपत्रे आणि ‘रात्री तीन वाजता हा माणूस वॉर्डात सोबत असलेला चालेल का’ ही भावना जास्त काम करते. आणि शेवटी याद्या जुळवणाऱ्या संगणकाला तर स्टेपचे गुण माहीतच नसतात! त्याच्याकडे फक्त दोन्ही बाजूंचे पसंतीक्रम असतात. तो उमेदवाराच्या पहिल्या पसंतीपासून सुरू करतो. त्या प्रोग्रॅमने उमेदवाराला यादीत घेतले असेल आणि जागा असेल, तर तात्पुरती देतो. नंतर त्या प्रोग्रॅमला अधिक पसंत असलेला दुसरा कोणी आला, तर पहिल्याला काढून त्याच्या पुढच्या पसंतीकडे पाठवतो. ही पद्धत १९९८ पासून चालू आहे. तिचे सुधारित रूप घडवणारे अर्थतज्ज्ञ अल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये लॉइड शेपली यांच्याबरोबर नोबेल मिळाले. व्यवहारातला अर्थ एवढाच की यादी खऱ्या आवडीच्या क्रमाने भरावी. ‘हे तर मला घेणार नाहीत’ असा विचार करून आवडते हॉस्पिटल खाली ढकलण्यात काडीचा फायदा नाही.

## थोडे कमी पडले तर पुन्हा देऊ की!

हा सर्वांत महागडा गैरसमज. नीट-पीजी आपण रँक सुधारायला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा देतो. यूएसएमएलईत एकदा पास झालात की ती स्टेप गुण वाढवण्यासाठी पुन्हा देता येत नाही. २१९ पडले तर २१९ कायम. नापास झालात तरच पुन्हा बसता येते, तेही एका स्टेपला एकूण चार वेळाच.

थोडक्यात, काठावर पास होणे हा सुटकेचा निकाल नाही, तो कुलूपबंद झालेला निकाल आहे. म्हणून सरावाच्या चाचण्यांमध्ये आकडा हव्या त्या जागी येईपर्यंत तारीख पुढे ढकलणे शहाणपणाचे. परीक्षा देण्यासाठी तीन महिन्यांचा कालावधी मिळतो आणि तो एकदा, शुल्क भरून, आणखी तीन महिने वाढवता येतो. तारीख बदलायचे पैसे जातात म्हणून हळहळत अर्धवट तयारीने जाणारे बरेच. अशा वेळी हिशेब हजारो रुपयांचा नसतो.

ढकलायलाही मर्यादा आहे. प्रोग्रॅम अर्ज उघडतात सप्टेंबरच्या अखेरीस. स्टेप टूचा निकाल यायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. तो अर्जात आधीच असायला हवा, कारण पहिल्या आठवड्यात चाळणी लागते तेव्हा रिकामा रकाना म्हणजे बाहेर. म्हणजे ऑगस्टच्या मध्याआधी परीक्षा आटोपलेली हवी. ते जमत नसेल तर घाईने कमी गुण घेण्यापेक्षा एक हंगाम सोडलेला बरा, असे माझे मत आहे. पदवी ताजी असेल तोवर तरी.

## मग २६० वाला घरी का बसला?

कारण चाळण्या एकाहून जास्त असतात, आणि त्या सगळ्यांतून एकदम पडावे लागते.

पहिली, पदवीचे वर्ष. बोलीत ‘वायओजी’. तीन किंवा पाच वर्षांपेक्षा जुनी पदवी बरेच प्रोग्रॅम घेत नाहीत. आपल्याकडच्या सरकारी कॉलेजातून निघालेल्याला एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते, मग दोन वर्षे नीट-पीजीच्या प्रयत्नांत, आणि ‘आता यूएस बघू’ म्हणेपर्यंत तिसरे वर्ष संपत आलेले असते. स्टेप टूत २६० आले तरी वर्षांची चाळणी त्याला आधीच अडवते. बॉण्डचे वर्ष वाया जाते असे नाही, ग्रामीण रुग्णालयातले काम अर्जात चांगले दिसते. पण ते नेमके लिहावे लागते: रोज किती ओपीडी, कोणत्या जबाबदाऱ्या, एकट्याने काय काय केले. ‘मेडिकल ऑफिसर, एक वर्ष’ एवढ्याने वाचणाऱ्याला काही कळत नाही.

दुसरी, अमेरिकेतला प्रत्यक्ष अनुभव आणि तिथल्या डॉक्टरांची शिफारसपत्रे. रुग्णाला हात लावून काम करायची संधी, म्हणजे इलेक्टिव्ह, बहुतेक ठिकाणी विद्यार्थी असतानाच मिळते. पदवी हाती आली की बहुधा नुसते बाजूला उभे राहून बघणे उरते, त्याला ऑब्झर्व्हरशिप म्हणतात. म्हणून ज्याला जायचेच आहे त्याने तिसऱ्या वर्षातच चौकशी सुरू करावी. एका प्रोग्रॅमला चार शिफारसपत्रे देता येतात. आपल्या विभागप्रमुखांनी दिलेले ‘हुशार, मेहनती, आज्ञाधारक’ असे तीन ओळींचे पत्र तिकडे जवळजवळ रिकाम्या कागदासारखे वाचले जाते. पत्रात एखादा रुग्ण, एखादा प्रसंग, उमेदवाराने काय केले ते हवे.

तिसरी, विषय. इंटर्नल मेडिसिन, फॅमिली मेडिसिन, बालरोग, पॅथॉलॉजी, न्यूरॉलॉजी अशा शाखांत परदेशी पदवीधर वर्षानुवर्षे घेतले जातात. त्वचारोग, ऑर्थोपेडिक्स, प्लास्टिक सर्जरीत दार फार अरुंद आहे. तिथे २७० सुद्धा एकटे पुरत नाहीत.

चौथी, व्हिसा. जे-१ व्हिसासाठी भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाचे एक पत्र लागते, आणि प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहायची अट असते. किंवा डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे काम करून ती माफ करून घ्यावी लागते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर ही अट नाही, पण त्यासाठी स्टेप थ्री आधी पास व्हावी लागते आणि हा व्हिसा देणारे प्रोग्रॅम मुळात कमी. त्यात २१ सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क लागू झाले. रेसिडेंटच्या एका जागेसाठी एवढी रक्कम कोणते हॉस्पिटल मोजेल? अर्ज करताना ‘फक्त एच-१बी चालेल’ असे लिहिणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

या सगळ्याचा एकत्रित परिणाम: २०२४ च्या मॅचमध्ये अमेरिकी एमडी विद्यार्थ्यांपैकी ९३.५ टक्क्यांना पहिल्या वर्षाची जागा मिळाली. अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी ५८.५ टक्क्यांना. हे ५८.५ टक्के यादी भरण्यापर्यंत पोचलेल्यांपैकी आहेत. मुलाखतच न आल्याने ज्यांनी यादी भरली नाही, ते यात मोजलेले नाहीत.

## सगळीकडे अर्ज टाकले तर?

२०२५ च्या हंगामात एका शाखेत पहिल्या ३० प्रोग्रॅमना प्रत्येकी ११ डॉलर आणि ३१ व्यापासून पुढे प्रत्येकी ३० डॉलर असा दर होता. १०० अर्ज केले तर ३३० अधिक २१०० म्हणजे २४३० डॉलर. गुणपत्रिकेचे शुल्क वेगळे. १०० वरून २०० वर गेलात की आणखी ३००० डॉलर. हे जास्तीचे शंभर बहुधा तेच प्रोग्रॅम असतात, जे तुमच्या पदवीच्या वर्षावर किंवा व्हिसावर आधीच फुली मारणार असतात.

शिवाय आता ‘सिग्नल’ आले आहेत: मला तुमच्याकडे खरोखर यायचे आहे, हे सांगणारे मोजके टोकन. इंटर्नल मेडिसिनमध्ये ते १५ मिळतात, त्यातले ३ सोनेरी आणि १२ चंदेरी. ते नामवंत विद्यापीठांवर उधळून रिकामे होणारे पुष्कळ. ज्या प्रोग्रॅममध्ये आज भारतीय पदवीधर रेसिडेंट आहेत आणि जो तुमचा व्हिसा देतो, तिथे सिग्नल कामी येतो. प्रोग्रॅमच्या संकेतस्थळावर सध्याच्या रेसिडेंटांची नावे आणि कॉलेजे असतात. एक संध्याकाळ ती यादी वाचण्यात घालवली तर हजार डॉलर वाचतात.

## आडनाव आधी की नंतर?

गुण, अनुभव सगळे जुळले तरी एक अगदी देशी अडचण उरते. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचे नाव एकत्र, आडनाव वेगळ्या रकान्यात. आपल्याकडच्या मार्कशीट-पदवीवर अनेकदा आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. लग्नानंतर पासपोर्ट बदललेल्या मुलींचे तर तिसरेच. परीक्षा केंद्रावर प्रवेशपत्रावरचे नाव ओळखपत्राशी तंतोतंत जुळावे लागते. नाही जुळले तर दारातून परत पाठवतात आणि शुल्क बुडते. पदवीवरचे नाव वेगळे असेल तर ईसीएफएमजी पुरावा मागते, आणि त्यात आठवडे जातात.

म्हणून नाव नोंदवण्याच्या आधीच पासपोर्ट, पदवी आणि कौन्सिलची नोंदणी शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून बघावे. प्रमाणपत्रासाठी तात्पुरती पदवी चालत नाही, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची अंतिम पदवीच लागते. ती दीक्षान्त समारंभानंतर हाती येते. तोवरचे महिने हिशेबात धरावे.

## गुण जास्त म्हणजे डॉक्टर चांगला, असे कुठे असते?

आक्षेप रास्त आहे. यूएसएमएलई घडवली ती परवान्यासाठी, निवडीसाठी नव्हे. हे तिचे चालकही सांगतात. तरीही आकडा पोकळ आहे असे म्हणता येत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या हॉस्पिटलांमध्ये काम करणाऱ्या परदेशी पदवीधर डॉक्टरांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्टेप टूचे गुण जास्त असलेल्यांच्या रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण किंचित कमी आढळले. किंचितच, पण मोजता येण्याइतके.

आकड्याचा विश्वास टिकतो तो परीक्षा स्वच्छ राहण्यावर. फुटलेल्या प्रश्नांचे ‘रिकॉल’, म्हणजे परीक्षा दिलेल्यांनी आठवून लिहिलेले संच, विकत घेणाऱ्यांनी नेपाळचे प्रकरण आठवावे. ३१ जानेवारी २०२४ रोजी नेपाळशी संबंधित उमेदवारांचे निकाल संशयास्पद ठरवून अवैध केले गेले. कोर्टात पुढे आलेला आकडा ८३३ उमेदवारांचा होता. त्यात मॅचची यादी भरायच्या उंबरठ्यावर असलेलेही होते. कोर्टाने तातडीची स्थगिती नाकारली. गुण जास्त दिसणे आणि ते टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

## ब्रिटन, कॅनडा, जर्मनी, आणि परत भारत

ब्रिटनचा मामला अगदी उलटा. प्लॅबचा पहिला पेपर १८० प्रश्नांचा, तो मुंबईतही देता येतो. दुसरी प्रात्यक्षिक परीक्षा मँचेस्टरला. दोन्ही पास झालात की नोंदणीचा रस्ता मोकळा. पण प्लॅबमध्ये किती गुण पडले, याला विशेष प्रशिक्षणाच्या निवडीत किंमत नाही. तिथे जीपी (फॅमिली डॉक्टर), मानसोपचार अशा अनेक शाखांसाठी एमएसआरए ही वेगळी परीक्षा आहे आणि तिचे गुण चालतात. प्लॅबसाठी वर्षभर घासून एमएसआरएकडे दुर्लक्ष करणारा चुकीच्या परीक्षेत अव्वल येतो. स्वतःच्या पदवीधरांना आधी जागा द्यायच्या, हे तिथल्या सरकारने जुलै २०२५ च्या आरोग्य आराखड्यात जाहीर केले आहे, तेही गृहीत धरावे.

कॅनडात तिथल्याच परीक्षांचे गुण लागतात आणि ते निवडीत मोजले जातात. यूएसएमएलई त्यांची जागा घेत नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे अर्ज करायला सर्वसाधारणपणे तिथले नागरिकत्व किंवा कायम वास्तव्य लागते. जर्मनीत मॅच नाही. वैद्यकीय जर्मन भाषेची आणि ज्ञानाची परीक्षा पास-नापास स्वरूपाची. नोकरीसाठी हॉस्पिटलला थेट अर्ज करायचा, आणि तिथे गुणांपेक्षा वॉर्डात जर्मन बोलता येणे महत्त्वाचे.

उलट दिशेने बघितले तर स्टेप टूत २७० असले तरी भारतात एमडीची जागा मिळत नाही; त्यासाठी नीट-पीजीच. एफएमजीईत ३०० पैकी १५० ला पास, त्यापुढचे गुण पीजीच्या प्रवेशात कुठेच मोजत नाहीत. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांतली मान्य पदव्युत्तर पात्रता घेऊन परतलेल्यांना मात्र इथे त्या पात्रतेवर काम करता येते.

## पहिल्या खेपेला जमले नाही तर

मॅचच्या आठवड्यात सोमवारी फक्त ‘जागा मिळाली की नाही’ एवढे कळते. कुठे, ते शुक्रवारी. सोमवारी नकार आला तर उरलेल्या जागांसाठी चार दिवसांची फेरी असते. तीत जास्तीत जास्त ४५ अर्ज करता येतात. ईसीएफएमजीच्या प्रमाणपत्रासाठी लागणाऱ्या परीक्षा तोवर पास झालेल्या नसतील तर परदेशी पदवीधराला या फेरीत भाग घेता येत नाही. कागद मार्चआधी पूर्ण करा असे सांगतात ते यासाठी.

त्यानंतरच्या हंगामात स्टेप टू बदलता येत नाही, पदवीचे वर्ष आणखी एकाने जुने होते. बदलता येतात तीन गोष्टी: अर्ज कुठे टाकले ती यादी, शिफारसपत्रे, आणि स्टेप थ्री. ती दोन दिवसांची परीक्षा द्यायला पर्यटक व्हिसावर अमेरिकेत जावे लागते, म्हणून अनेक जण ती ऑब्झर्व्हरशिपच्या महिन्यालाच जोडून घेतात. निकाल सप्टेंबरआधी यावा असा बेत केला, तर विमानाचे तिकीट एकदाच काढावे लागते.